पुढचा कार्बोरेटर

हिरवी गाडी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा मिस्तरींनी कपाळावर हात मारायचेही कष्ट घेतले नाहीत. जुनी विलायती स्पोर्ट्स कार, दोन सीटांची. रूप नवरीचं, नखरे सासूचे.

"जागेवर उभी असली की थरथरते," तिचे मालक वकीलसाहेब म्हणाले. "या वेळी नाही जमलं तर दुसरीकडे नेतो. राग मानू नका."

राग मानायलाही अंगात जोर लागतो. मिस्तरींनी बॉनेट उघडलं.

या गाडीला कार्बोरेटर दोन. दोन्ही सारखीच हवा ओढतात का, हे मिस्तरी रबरी नळीनं ऐकत. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. दोन्हीकडची सूं सारखी झाली की काम फत्ते. उभ्या जन्मात त्यांचा कान चुकला नव्हता आणि हे ते कोणाला विसरूही देत नसत. तेव्हा दोष कार्बोरेटरचाच. आतला दांडा झिजला की फटीतून चोरटी हवा शिरते. दांडे बदलून झाले, दांड्याभोवतीचे बुश बदलून झाले, थरथर जैसे थे.

दुपारी बायको चहा घेऊन आली आणि नेहमीच्या स्टुलावर, त्यांच्या उजव्या हाताला बसली. इकडचं तिकडचं बोलली. उत्तर नाही. हल्ली नवऱ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालं होतं. हिरमुसून ती कप उचलायला पलीकडे, त्यांच्या डाव्या हाताला गेली आणि त्यांना नळी लावताना बघून तिथंच थबकली.

"पुढच्याला उजवा कान, मागच्याला डावा. हे काय नवीन?"

"कंबर," मिस्तरी म्हणाले. "पहिल्यासारखं वळता येत नाही. जो कान जवळ, तो लावायचा."

आणि बोलता बोलता त्यांना स्वतःचंच बोलणं खटकलं. मग कण्हत वाकून त्यांनी पुढच्या कार्बोरेटरची नळी डाव्या कानाला लावली. केवढी ती सूं! उजव्या कानाला ती पुरेशी वाटेना, म्हणून दर वेळी ते पुढचाच स्क्रू पिळून हवा वाढवत आले होते.

त्यांना फार वाईट वाटलं. नळी हातात धरून ते बराच वेळ टायरवर बसून राहिले. मग उठले आणि दोन्ही कार्बोरेटर एकाच, डाव्या कानानं ऐकून जुळवले. थरथर थांबली.

संध्याकाळी वकीलसाहेब खूश झाले. "शेवटी झिजलं होतं तरी काय?"

"माझा कान."

"मिस्तरी, तुम्ही पण ना!" असं म्हणत, पोट धरून हसत ते गाडी घेऊन गेले.

बायको मात्र हसली नाही. "मग मी इतके दिवस बोलत होते, ते?"

"तू उजवीकडे बसायचीस."

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला." तिनं डोळ्यांना पदर लावला, स्टूल उचललं आणि त्यांच्या डाव्या हाताला आणून आपटलं. "आता ऐका. पहिल्यापासून सांगते."

दिवसभर वाकून मिस्तरी मेटाकुटीला आले होते. तरी त्यांनी मान तिच्याकडे कलती केली.