पाइनखालची पाटी

लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात आमचा तंबू तळ्याकाठच्या एकाच पाइनखाली उभा राहायचा आणि त्या झाडावर आमच्या आडनावाची लाकडी पाटी लागायची. यंदा मात्र माझ्या नवऱ्याच्या, एल्मरच्या प्राणवायूच्या यंत्राला वीज हवी होती, आणि काठावर वीज नाही.

"आई, वीज फक्त मागे, घरगाड्यांच्या रांगेत आहे," लेक डार्ला म्हणाली. "संडासाशेजारी."

"मग तिथेच राहू. मेलेल्या नवऱ्याला तळं दाखवून काय करू?"

"मी अजून मेलो नाही, व्हर्ना," एल्मर म्हणाला.

"म्हणूनच तर!"

भाड्याची घरगाडी मागे उभी केली. पण एल्मर पाटी मांडीवर घेऊन बसला, ठोकूच देईना.

"इथून पाणी दिसत नाही. ही आपली जागा नव्हे."

"जन्मभर पाणी बघितलंस, एक धड वॉलआय मासा तरी गळाला लागला का?"

तो हसला, मग कितीतरी वेळ खोकत राहिला.

संध्याकाळी आमच्या पाइनखाली परक्यांचा तंबू उभा राहिला. तळ्यावर लून पक्षी ओरडला. एल्मरने खुर्ची त्या आवाजाकडे ओढत नेली आणि नाकातली नळी जिथे ताणली गेली तिथे थांबला.

पाटी मी गाडीत पालथी ठेवली आणि माझी खुर्ची त्याच्याशेजारी नेली.