मचव्याच्या पोटातला सामता

मित्रांनो, मी एक जुना सामता. मला पाहायचं म्हटलं तरी आता जमणार नाही, कारण मी एका मचव्यात, आतल्या अस्तराच्या फळ्यांमागे, अंधारात पडून आहे. लाकडाला भोक पाडणं हे माझं काम. माझ्या अंगाला कमानीची दोरी गुंडाळायची, डोक्यावरची वाटी तळहाताने दाबायची आणि कमान पुढेमागे ओढायची. मग मी गरगर फिरत लाकडात उतरतो. म्हणजे उतरत असे.

माझं पातं बुरोंडीच्या लोहाराने घडवलं. खैराचा दांडा तासला तो महिपत सुताराच्या वडिलांनी. त्यांच्या मागे मी महिपतकडे आलो. माणूस फटकळ, पण हात असा की बघत राहावं. कागदावर एक रेघ न ओढता तो मचवा उभा करी. खिळ्याचं भोक सरळ पाडायचं नाही, किंचित तिरकं पाडायचं, म्हणजे लाटांनी फळी हलली तरी खिळा ढिला पडत नाही. किती तिरकं, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. ते त्याच्या मनगटाला ठाऊक आणि मला ठाऊक. मला त्याची भारी ऐट होती.

त्याचा मुलगा केरू मुंबईच्या गोदीतून परतला तो दातेरी चाकाचं गिरमिट घेऊन. मूठ फिरवली की भोक तयार! रावजी तांडेलाच्या नव्या मचव्याचं काम संपत आलं होतं. संध्याकाळच्या भरतीला तो पाण्यात लोटायचा, म्हणून सगळ्यांची धांदल चालली होती. केरूने विचारलं, "बाबा, तिरका किती धरू? येकदा दाखवा तरी."

"बघून शिक. मना कुणी दाखवलंन?" महिपत खेकसला. रागाच्या भरात त्याने मला मचव्याच्या बरगड्यांमध्येच टाकलं आणि जेवायला निघून गेला. तो परत येईपर्यंत केरूने मागचं अस्तर ठोकून टाकलं. आत वाकून बघायचं त्याला सुचलं नाही.

नारळ फुटला, मचवा पाण्यात डुलला आणि मी आत गडगडलो. आवाज महिपतने ओळखला. पण पूजेचं कुंकू लागलेली फळी धडधाकट असताना उकलायची नाही, ही आमच्या किनाऱ्याची रीत. महिपतने हात जोडले, तरी रावजी बधला नाही. पुढे महिपतने दुसरा सामता करून घेतला म्हणे, पण तो त्याच्या हातात बसेना. हळूहळू त्याने काम सोडलं. हे सारं मी किनाऱ्यावरच्या बोलण्यातून ऐकलं. ऐकण्यापलीकडे मी काय करणार होतो?

मग एका वादळात अंजनवेलीच्या पुढे बरेच मचवे फुटले, आमचा तेवढा वाचला. "आत सुताराचा हात हाय," रावजी म्हणाला, आणि मी देव झालो. दर दसऱ्याला माझ्या फळीवर झेंडूची फुलं चढू लागली. फुलं बाहेर, मी आत. खाऱ्या ओलीने माझं पातं गंजत चाललं आणि खलाशी मला नमस्कार करत राहिले. असा संताप यायचा!

काही वर्षांनी रावजीने मचव्याला तेलावरचं इंजिन बसवायचं ठरवलं. आता अस्तर काढण्यावाचून इलाज नव्हता. केरूने फळी उचकटली आणि माझ्या अंगावर ऊन पडलं. त्याने मला उचललं आणि थेट बापाकडे नेलं.

महिपत वाळूत बसला होता. त्याची नजर गेली होती. मला चाचपलं मात्र आणि तो लहान मुलासारखा रडला. केरू हळूच म्हणाला, "बाबा, इंजिनाचे धक्के बसतील. तुमचं ते तिरकं भोक मना पायजे."

"ये. माजा हात धर."

म्हाताऱ्याचा हात, त्यावर मुलाचा हात. कमान चालू लागली. मी जीव खाऊन फिरलो, पण गंजलेलं पातं लाकडावरून घसरत राहिलं आणि शेवटी टोक मोडलं. महिपतने दुसरं हत्यार घेऊन पाहिलं. त्याचं मनगट कापत होतं, भोक भलतीकडेच जात होतं.

"हातात व्हता रं माज्या," तो म्हणाला. "सांगता न्हाय येत."

केरूने गिरमिट उचललं आणि सरळ भोकं पाडली. काय करणार बिचारा? मग रावजी पुढे आला. "त्याला व्हता तिथं ठेव. त्याच्याबिगर माजी मानसं दर्यात जायची न्हायत." केरूने मला पुन्हा आत ठेवलं आणि फळी ठोकली.

मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं हत्यार असेल, तर त्याला नुसती फुलं वाहू नका. ते घासा, तेल लावा, हातात घ्या. आणि ज्याला ते चालवता येतं त्याला विचारा. तो तुमच्यावर खेकसेल. खेकसू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.