कलम पहिलं

अकोला-अमरावतीच्या मधोमध, मूर्तिजापूरच्या स्टँडवर नीलम रविवारी कधीची ताटकळत होती, पण अनुप लेकीला घेऊन आलाच नाही. शेवटी तिनं फोन लावला.

"यशू आता इथंच राहीन," अनुप म्हणाला. "शाळाबी अकोल्याचीच पाहून राहिलो."

"काहून? कागदात काय ठरलं हाय? पोरगी माझ्यापाशी, तुमच्याकडे शनिवार-रविवार."

"त्या कागदावर सही कुठं हाय? वकिलाले विचारलं म्या. बिनसहीचा कागद म्हणजे रद्दी."

संमतीनं वेगळं व्हायचं ठरल्यावर दोघांनी करारनाम्याचा मसुदा करून घेतला होता. सही तेवढी राहिली ती राहिलीच. कधी त्याला रजा नाही, कधी तिला नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात जादा पाळी. तरी उन्हाळ्यापासून दोघं त्या कागदाबरहुकूम वागत होते, आणि वागण्यानंच तो पक्का झाला असं नीलम धरून चालली होती. कारखान्यात सहीशिवाय दोऱ्याचं रीळ बाहेर न सोडणारी ही बाई, पण स्वतःच्या लेकीचा कागद तिनं असा वाऱ्यावर सोडला होता.

तिनं अमरावतीच्या वकिलांना फोन केला. ते म्हणाले, "बिनसहीच्या मसुद्यानं कोणी बांधलं जात नाही, ताई. तुम्ही दोघं तसे वागत आलात, हे कोर्टाला दाखवता येईल. पोरीचं भलं कशात आहे, ते कोर्ट ठरवेल."

"अन् तोवर?"

"तोवर तो बाप आहे तिचा. पळवून नेली असं म्हणता येणार नाही."

नीलमनं फोन ठेवला. समोर अमरावतीची गाडी लागली होती. ती सोडून ती अकोल्याच्या गाडीत चढली.

कौलखेडच्या घराचं दार अनुपनंच उघडलं. त्याच्यामागून सहा वर्षांची यशू धावत आली आणि आईच्या कमरेला बिलगली. नीलमनं पिशवी सोफ्यावर ठेवली.

"कागद रद्दी हाय ना?"

"हाय."

"मंग त्याचं पहिलं कलमबी रद्दी. नवरा-बायको वेगळे राहतीन, असं लिवलं हाय त्याच्यात. नाही राहत मी वेगळी. बायको हाय मी तुमची. आजपासून इथंच राहते."

अनुप हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. आवाज ऐकून त्याची आई, ललिताबाई, ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अवो बाई, असं कसं? परवा तेल्हाऱ्याचे पाहुणे सोयरिकीसाठी येऊन राहिले. त्यांले आमी सांगतलं का पोराची फारकत झाली."

अनुपनं आईकडे असं पाहिलं, की ती पदराला हात पुसत तिथंच थिजली.

"कोणत्या कागदानं झाली?" नीलमनं आवाज चढवला नाही. "पोरीसाठी रद्दी अन् पाहुण्यांसाठी पक्का, असा कागद कुठं भेटते? येऊ द्या त्यांले. चहा मीच देईन."

अनुपनं यशूच्या चपला दाराशी सरकवल्या.

"घेऊन जाय तिले," तो म्हणाला.

"पुढच्या रविवारी पुन्हा रद्दी म्हणसान. आधी सही."

तो आत गेला, आपली प्रत घेऊन आला आणि दात-ओठ खात पानापानावर सही केली. मग पेन तिच्यापुढे सरकवलं. नीलमचा जीव भांड्यात पडला. लेक तिची होती.

यशूनं मघाच आईची पिशवी उचलून आत नेली होती. ती नाचतच बाहेर आली.

"मम्मी, तुझी पिशवी मी माझ्या कपाटात ठेवली. आता आपण सगळे इथंच राहू ना? तूच म्हणाली."

नीलमनं भांडण जिंकायला टाकलेलं वाक्य पोरीनं खरं धरलं होतं. आणि खोटं कशाला सांगा, बोलताना क्षणभर तिलाही ते खरं व्हावंसं वाटलं होतं.

"चप्पल घाल, बेटा," ती म्हणाली, आणि यशूच्या देखत तिनं सही केली.