गवत काढून टाकल्यावर

राजेश्वरीने आधी खेळातल्या सावल्या बंद केल्या. मग धूर कमी केला, पाण्यावरची चमक काढली आणि शेवटी झाडांखालचं गवतही पुसून टाकलं. पडद्यावरचं जंगल भादरलेल्या मेंढरासारखं ओकंबोकं झालं. पण माणसं आता न अडखळता पळत होती आणि न अडखळता मरत होती.

"रक्त पण बंद करू का? अजून हलकं चालंल."

"रक्त ऱ्हाऊ दे," रणजित खुर्ची ओढत म्हणाला. "त्याबिगार मजा न्हाय."

लोणी देवकरच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली, की नवरा शेळगावच्या घरी येऊन खेळायला बसायचा. जुना कॉम्प्युटर ऐन गोळीबारात अडकायचा, रणजित खेळात मरायचा आणि वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. मागच्या सुट्टीला त्याने कीबोर्डच तिच्या कानावर हाणला होता. त्या कानाने तिला अजून नीट ऐकू येत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणाच्या जागी बायको होती. सासू शकुबाई दर खेपेला हळद लावायची आणि म्हणायची, "वाईट न्हाय गं त्यो. त्या डबड्यानं डोस्कं फिरतंय त्याचं." राजेश्वरीने ते खरं मानलं. तिला ते मानायचंच होतं. लग्नाआधी बारामतीत कॉम्प्युटरचा कोर्स केल्यामुळे निदान डबडं तरी तिला सुधारता येत होतं.

आज खेळ पाण्यासारखा वाहिला. रणजितने एकाला भिंतीशी गाठून गोळ्या घातल्या, दुसऱ्याच्या गळ्यावरून सुरी फिरवली. उघड्या माळावर कुणाला लपायला जागाच उरली नव्हती. शेवटचा गडी पडला आणि रणजित जिंकला.

राजेश्वरीला हसू फुटलं. दारात शेंगा फोडत बसलेल्या शकुबाईकडे वळून ती म्हणाली, "आत्याबाई, बघा, जिंकले! अजिबात अडाकलं न्हाय!"

"म्हंजी तुझ्यामुळं जिंकलो व्हय?"

रणजितने केसांना धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. ती खाली कोसळल्यावर त्याने बरगडीत लाथ घातली, मग आणखी एक. पडद्यावर विजयाचं संगीत वाजत होतं. मग मोटारसायकल काढून तो निघून गेला.

शकुबाई हळदीला उठली नाही. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"आज अडाकलं न्हवतं न्हवं?"

"न्हाय, आत्याबाई."

म्हातारीच्या ओच्यातल्या शेंगा जमिनीवर सांडल्या.

"तुझा सासरा हिरीवरची मोटार जळली की मारायचा मला," ती म्हणाली. "पाटल्या मोडून नवी मोटार बशीवली म्या. तरी मार चुकला न्हाय."

फळीवरची पिशवी खाली ओढून तिने सुनेच्या साड्या भरायला घेतल्या.

"पदर दाबून धर कपाळावर. कऱ्हाटीला तुझ्या आईकडं जायाचं."

साड्या भरून झाल्या. शकुबाई जरा थांबली, मग दांडीवरचं स्वतःचं लुगडं ओढून तिने त्याच पिशवीत कोंबलं.