पात्यांखालची स्वच्छ जमीन

उद्घाटनाला मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, "आजपासून या खोऱ्यात वारा माणसाची चाकरी करील!" वाऱ्याने लगेच त्यांच्या भाषणाचे कागद उचलून मेंढ्यांत नेऊन टाकले. एका मेंढीने ते चवीने खाल्ले. ते भाषण पचवलेली ती एकटीच.

मी जीवशास्त्राचा निवृत्त मास्तर. या शेलेक खोऱ्यातल्या पवनचक्क्यांखाली मेलेली वटवाघळं मोजतो. ऑगस्टात ती दक्षिणेला निघतात आणि या उघड्या माळावर खांबालाच झाड समजून जवळ येतात, वारा मंद असला की जास्तच. काही पात्याने मरतात. काहींची म्हणे पात्याजवळच्या हवेच्या दाबाने आतल्या आत फुप्फुसं फुटतात. मंद वाऱ्यात पाती थांबवली तर बहुतेक वाचतील. पण त्यासाठी आकडा लागतो, आणि बारा पहाटा माझा आकडा शून्य होता.

खांबाला लावलेल्या ध्वनियंत्रात रोज रात्री वटवाघळांचे शेकडो आवाज उमटत. पहाटे जमीन मात्र झाडून ठेवल्यासारखी. पातं डोक्यावरून गेलं की कुणीतरी कानाशी श्वास घेतंय आणि सोडत नाहीये, असं वाटायचं.

"मरतच नाहीत, तर थांबवायचं कशाला?" इंजिनिअर येरमुखान म्हणाला. "शुक्रवारी अहवाल द्या, मास्तर."

गुरुवारी मी तांबडं फुटायच्या आत पोहोचलो. म्हातारे राखणदार सादिरबाय-अगा (थोरल्यांना आम्ही अगा म्हणतो) खांबामागे गुडघ्यांवर बसून काही पुटपुटत होते. समोर मुठीएवढे मातीचे ढिगारे, रांगेनं, पार धुक्यात जाईपर्यंत. सगळे मक्केच्या दिशेला.

"अगा, हे काय?"

"मयत उघड्यावर ठेवायचं? शिकलेले ना तुम्ही?"

"मी यांनाच शोधतोय!"

"मग मला विचारायचं. तुम्ही जमिनीला विचारत बसलात."

त्यांनी मूठ उघडली. आत एक वटवाघूळ, डोळे मिटलेले, अंगावर ओरखडा नाही. "पाहा, जखमच नाही. असं मयत झोपू देत नाही, मास्तर."

"किती पुरलीत?"

"मयत मोजत नसतात."

"मोजली नाहीत तर रोज पुरावी लागतील, अगा."

वर पातं फिरलं. आमच्या दोघांच्या मधे काहीतरी मऊसं पडलं. अगांनी "बिस्मिल्ला" म्हणून खिशातला चमचा काढला आणि पहिला ढिगारा स्वतःच उकरला. मग चमचा माझ्याकडे दिला.

ऊन चढलं तेव्हा एकशे एकेचाळीस बाहेर होती आणि अर्धी रांग बाकी.

"आकडा झाला की पुन्हा पुरा," अगा म्हणाले. "तोंडं नीट वळवा."

"वळवतो."

"आणि तो चमचा धुऊन द्या. चहाला तेवढाच आहे."