सोमवारचा खिमा

मी खिम्याचं एक जुनं यंत्र आहे. विजेवरचं नाही, हाताने फिरवायचं. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. माझं अंग बिडाचं. पोटात एक जाड मळसूत्र, तोंडाशी चार पात्यांची सुरी, तिच्यापुढे भोकं पाडलेली जाळी. एका बाजूला लाकडी मुठीचा दांडा. आणि खाली टेबलाची कड पकडायला एक पाय. एकच. त्यामुळे मी आपणहून कधी कुठे गेलो नाही. जिथे आवळलं तिथे राहिलो.

एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथे आम्ही दोनशे भावंडं एका फळीवर ओळीने उभे होतो. मग खोक्यात भरले गेलो, आणि त्यानंतर मी माझ्या जातीचं कुणी पाहिलं नाही. पुढे भांड्यांच्या दुकानात बरेच दिवस धूळ खाल्ली. एक दिवस एका तरुण बाईने मला उचललं, दांडा फिरवून बघितला, "जड आहे मेलं," असं म्हणाली आणि घेतलं. तीच माझी मालकीण.

मालकिणीचा नवरा कुलूपवाला. कोपऱ्यावर त्याचं टपरीएवढं दुकान. जगाची अडकलेली कपाटं उघडून द्यायचा. पण स्वयंपाकघरातलं ओट्याखालचं कपाट त्याने आयुष्यात उघडलं नव्हतं, आणि मी नेमका त्याच कपाटात, पिठाच्या डब्यामागे राहायचो. चुकून नाही. मालकिणीने मला तिथे लपवलं होतं.

कारण सांगतो.

त्या घरात रविवारी मांसाचा मोठा तुकडा शिजायचा. नवरा, बायको आणि त्यांची लेक, तिघं पोटभर जेवायचे आणि तरी अर्धा उरायचा. आता कुलूपवाल्याचा एक नियम होता. शिळं खाणार नाही. म्हणजे नाहीच. लहानपणी आईबाप गेल्यावर तो काकांच्या घरी वाढला होता. तिथे बाकीच्यांना गरम ताट आणि याच्यापुढे कालचं. रोज. त्यामुळे लग्न झाल्या झाल्या त्याने बायकोला सांगितलं होतं, "मला काहीही वाढ, मीठभाकर वाढ, पण कालचं वाढू नकोस."

मालकीण हो म्हणाली. पण अर्धा तुकडा फेकायचा तिचा जीव होईना. मग तिने मला आणलं.

सोमवारी तो दुकानात गेला की मला कपाटातून काढायची, टेबलाला आवळायची. रात्री गार करून, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलेलं मांस बाहेर यायचं. हाडं बाजूला, ती बुधवारच्या सुपाला. मांसाचे बोटभर तुकडे माझ्या तोंडात. मागून एक कांदा. आणि सगळ्यात शेवटी ब्रेडचे दोन वाळके काप, म्हणजे पोटात अडकलेलं उरलंसुरलंही बाहेर ढकललं जायचं. मग त्यात उकडलेला बटाटा, एक अंडं, मिरी. चपटे कटलेट थापून तव्यावर, दोन्ही बाजूंनी चांगले लाल होईपर्यंत. आतपर्यंत गरम झालेच पाहिजेत, यावर ती फार कडक. कधी तोच खिमा भातात परतायची, कधी टोमॅटोत. काम सगळं मिळून अर्ध्या तासाचं.

लेक लहान होती तेव्हा ती स्टुलावर चढून माझा दांडा फिरवायची.

"आई, बाबांना का नाही सांगायचं?"

"तू फिरव. तोंड बंद, दांडा चालू."

"पण त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर म्हणायचं, आजच केलंय. आणि केलंय आजच की! मी काय झोपले होते का सकाळपासून?"

दुपारी कुलूपवाला जेवायला यायचा. मी तोवर धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून परत कपाटात. कपाटाचं दार खालून जरा वाकलेलं होतं. त्या फटीतून मला त्याची पावलं दिसायची आणि आवाज ऐकू यायचा.

"वा! रविवारपेक्षा तुझा सोमवार भारी असतो बघ. काय घालतेस काय यात?"

"माझं डोकं घालते. जेवा."

असं तीस वर्षं. स्तुती व्हायची ती मालकिणीच्या हाताची, तव्याची, मिरीची. माझं नाव कुणी घेतलं नाही. घेणार कसं? मी त्या घरात नव्हतोच. मला वाईट वाटायचं का? खरं सांगतो, वाटायचं. अंधारात बसून स्वतःचं कौतुक ऐकायचं आणि हूं की चूं करायचं नाही, हे सोपं नाही मित्रांनो. पण सोमवार ठरलेला होता. सहा दिवस अंधार, सातव्या दिवशी तिचे हात.

लेक मोठी झाली, नर्स झाली, लांबच्या गावी नोकरीला गेली. आणि एका थंडीत मालकीण आजारी पडली. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मला कुणी सांगितलं नाही. मला कोण सांगणार? खूप माणसांची पावलं दिसली, मग हळूहळू ती कमी झाली, मग एकच जोडी उरली. मी सोमवारची वाट बघत राहिलो. दार उघडलं नाही. पुढचा सोमवार, त्याच्या पुढचा. मळसूत्रावर गंज चढला तेव्हा मला समजलं.

फटीतून पुढचं सगळं ऐकू यायचं. कुलूपवाला दर रविवारी तेवढाच तुकडा आणायचा, तिघांना पुरेल एवढा. लेकीने फोनवर विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, खाटीक विचारतो, नेहमीचं का? आणि माझी मान हलते. त्याला काय सांगू? एकटाच आहे, पाव किलो दे?" तो ते मांस कसंबसं शिजवायचा, चार घास खायचा. उरलेलं सोमवारी कचऱ्यात. शिळं तो खात नव्हता ना.

आणि सोमवारी त्याला तिचे कटलेट हवे असायचे. मग तो खाटकाकडून ताजा खिमा आणायचा. पण कच्च्या खिम्याला पाणी सुटतं. तव्यावर नुसतं तळं व्हायचं, कटलेट फुटायचे. मी कपाटात बसून चरफडायचो. अरे बाबा, आधी शिजलेलं घे! आत्ता फेकलंस ना, तेच! पण मी बिडाचा. माझी हाक दाराच्या फटीपर्यंतही पोहोचत नाही.

तो लेकीला फोन करायचा, आवाज मोठा ठेवून, म्हणून तिचंही मला ऐकू यायचं. "तुझी आई सोमवारी काय घालायची गं? तुला माहीत असेल."

लेक आधी विषय बदलू बघायची. मग म्हणायची, "नाही माहीत बाबा."

तिने आईला शब्द दिला होता. आणि आता आई नव्हती, तर तिने तुम्हाला फसवलं, असं बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

पाच-सहा वेळा तवा खरवडून झाल्यावर त्याने नाद सोडला. पुढे पुढे तर चूल पेटल्याचा आवाज फक्त चहापुरता यायचा. चहा आणि बिस्किटं. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. रविवारचा तुकडा मात्र यायचा, शिजायचा आणि सोमवारपर्यंत फ्रिजमध्ये पडून राहायचा. त्याची पावलं जड पडायची ती हलकी पडायला लागली. मला भीती वाटली. माणूस उपाशी राहिला की कसा आवाज करतो, ते मी तेव्हा ऐकलं. काहीच आवाज करत नाही.

मग एका सोमवारी लेक आली, न कळवता.

"बाबा, पँटला सुतळी का बांधलीय?"

"पट्टा तुटला."

"पट्टा खुंटीला लटकतोय. धडधाकट आहे."

"मग सुतळी बरी वाटते मला. आल्या आल्या उलटतपासणी नको. चहा घेतेस?"

"बिस्किटांचे पुडे मोजले मी कचऱ्यातले. नर्स आहे मी. माझ्यापुढे नाटकं नकोत."

फ्रिज उघडल्याचा आवाज आला. ती बराच वेळ त्या उघड्या फ्रिजपुढे उभी होती. मग तिची पावलं माझ्याकडे आली, आणि इतक्या महिन्यांनी दार उघडलं. केवढा उजेड!

तिने मला उकळत्या पाण्यात धुतलं, गंज घासून काढला, टेबलाला आवळलं. कुलूपवाला बघतच राहिला.

"हे काय?"

"यंत्र."

"ते दिसतंय. कुठून आणलंस?"

"इथलंच आहे. बसा, दांडा फिरवा."

तिने फ्रिजमधून कालचं मांस काढलं, वासाला बरं आहे ना बघितलं आणि तुकडे करायला लागली. त्याचा हात दांड्यावर होता. मला पहिल्यांदाच त्याचा हात लागत होता. कुलूपवाल्याचा हात, चाचपणारा. तो थांबला. सगळं त्याच्या लक्षात आलं, मला हातातूनच कळलं.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"मला आठवतंय तेव्हापासून."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. बुधवारचं सूप पण."

"म्हणजे मी तीस वर्षं शिळं खाल्लं."

"बाबा, आईवर रागावू नका. रागावायचं तर माझ्यावर रागावा. पण खा."

तो उठला. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. लेकीच्या हातातली सुरी थांबली. मला वाटलं, आता हा मला उचलून भंगारात देणार, आणि उद्यापासून चहासुद्धा घ्यायचा नाही. मग त्याने पाठमोरं राहूनच विचारलं,

"ती काय खायची? सोमवारी?"

"आई? तेच की. तुमच्या शेजारी बसून, त्याच ताटलीतून. आठवत नाही का? करपलेला कटलेट स्वतःकडे ओढायची."

"काकांकडे मी एकटाच खायचो कालचं," तो म्हणाला. "बाकीचे ताजं खायचे. ते शिळं." मग तो वळला. "हे नव्हे."

आणि येऊन बसला. दांडा फिरवला. जाळीतून खिमा बाहेर पडायला लागला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. लेक म्हणाली, "कांदा अजून टाकला नाही हं मी," आणि मग दोघंही हसले.

त्या दुपारी त्याने पाच कटलेट खाल्ले. लेकीने कटलेट करण्याची सगळी रीत कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

पुढच्या सोमवारी त्याने मला स्वतः जोडलं. सुरी उलटी बसवली. मांस चिरायच्या ऐवजी चेंगरून लगदा झाला. "असं होय," म्हणून त्याने मला परत सगळं खोललं, प्रत्येक भाग उजेडात धरून बघितला, सुरीची सपाट बाजू जाळीकडे केली. मग जमलं. आता रविवारी तो खाटकाकडून कमी आणतो. पहिल्यांदा मान हलायच्या आत घाईघाईने सांगून टाकलं म्हणे, लेकीला फोनवर सांगत होता. अंगावर थोडं मांस आलंय, आणि सुतळी सुटलीय.

मला तो आता कपाटात ठेवत नाही. धुतो, फडक्याने कोरडं करतो, तेल लावतो आणि टेबलालाच आवळलेलं ठेवतो. या बाजूला त्याची खुर्ची, समोरच्या कडेला मी.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र घरात असेल तर ओलं ठेवू नका, गंज आम्हाला आतून खातो. उरलेलं अन्न वेळेवर झाकून गार जागी ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी गरमागरम करा, आणि जे कराल ते सगळे मिळून खा. आणि तुमच्या ओळखीत कुणी एकटं जेवत असेल, तर एखाद्या सोमवारी त्याच्यासमोर जाऊन बसा. मी रोज बसतो. पण तो शेवटचा घास घेऊन ताटलीकडे बघत राहतो तेव्हा कुणीतरी विचारायला हवं असतं, "अजून एक वाढू का?" तेवढं मला येत नाही.