वरीलप्रमाणे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि मी रागावलो आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं.

विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत, रेडिओच्या टेबलासमोर मी वीस वर्षं टांगलेला होतो. कोण उडणार, कुठल्या विमानातून, इंधन किती, असे रकाने माझ्यावर होते. शेवटचा रकाना थोरल्या सरांनी स्वतः आखला होता : 'धावपट्टी अडली तर?' एकट्याने उडणाऱ्याने तिथे स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं. कुठे उतरणार, तेवढं इंधन उरेल का. उत्तर नसेल तर विमानाची किल्ली मिळत नसे. "वर गेल्यावर विचारायला मी शेजारी नसेन," ते म्हणत. त्या रकान्याचा मला फार अभिमान होता.

थोरले सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या धाकट्या सरांना कायम घाई. एकदा पहिल्या मुलाने उत्तर लिहिलं, दुसऱ्याने त्याखाली खरडलं, 'वरीलप्रमाणे'. सरांनी त्यालाही किल्ली दिली आणि तीच पद्धत पडली. पहिलं विमान उतरलं की वरची ओळ पुसली जाई, खालचं 'वरीलप्रमाणे' तसंच राही. मला बोंब मारावीशी वाटे, पण फळ्याला तोंड कुठलं!

एके दिवशी, सगळे जिला चष्मिश म्हणत ती विद्यार्थिनी पहिल्यांदाच एकटी लांब निघाली. सगळ्या वर्गात जास्त प्रश्न हिचेच.

"सर, धावपट्टी अडली तर मी नक्की कुठे जायचं?"

"अगं, लिही वरीलप्रमाणे आणि नीघ. उशीर होतोय."

ती परत येत असताना दुसऱ्या एका विमानाचा टायर फुटला आणि ते धावपट्टीवर आडवं बसलं. रेडिओवर तिचा आवाज आला, "सर, कुठे जाऊ?" सर माझ्याकडे वळले. सहा वेळा 'वरीलप्रमाणे', आणि वर काहीच नाही. शेजारच्या विमानतळाचा फोन नंबर शोधून तिथे विचारण्यात अकरा मिनिटं गेली. तिच्याकडे इंधन होतं पस्तीस मिनिटांचं, तिथवर जायला वीस लागत. ती सुखरूप उतरली, हे तिचं नशीब.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं, 'फळा जुना, अक्षरं पुसट.' म्हणजे दोषी मीच! मला सामानाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नवा फळा आला, त्यावर शेवटच्या रकान्यात उत्तर आधीच छापलेलं : 'शेजारचा विमानतळ'. आता विचार करायलाच नको.

चष्मिश मात्र उडण्याआधी माझ्याकडे येते, मला वळवते आणि हिशोब करून उत्तर लिहिते. काल धाकटे सर दारात आले.

"तिकडे छापलंय ना सगळं?"

"तो विमानतळ आज दुपारपर्यंत बंद आहे, सर. मी फोन करून विचारलं." ती सरांकडे वळली. "आपली दोघं जण आत्ता वर आहेत ना?"

सर रेडिओकडे पळत सुटले.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर टांगलं नाही तरी चालेल. पण एकट्याने निघताना शेवटचा रकाना स्वतःच्या हाताने भरा. आणि कुणी म्हणालं, 'लिही वरीलप्रमाणे', तर खडू खाली ठेवा आणि निघू नका.